ग्लोव्ह बॉक्सच्या मागे

"गाडी नको काढू," सासूबाई ओसरीवरून म्हणाल्या. "दिवाकर येऊ दे. मंग पाहू."

मी गाडीवरचं कव्हर ओढत होते. दोन पावसाळे खाऊन ते पापडासारखं कडक झालं होतं. मागच्या बंपरखाली त्याचं इलॅस्टिक अडकलं होतं, ते काही केल्या सुटेना. शेवटी मी घरातून कात्री आणली आणि ते कापलं.

"ते संध्याकाळी येतील, आई. डॉक्टर दुपारपर्यंतच बसतात."

"त रिक्षा सांग."

"चंद्रपूरपर्यंत रिक्षात कशा बसाल? पाय सरळ ठेवायचाय तुम्हाला."

प्लास्टरमधला पाय स्टुलावर ठेवून त्या माझ्याकडे बघत राहिल्या. संक्रांतीच्या सुमाराला न्हाणीघरात घसरून त्यांचं हाड मोडलं होतं. आता प्लास्टरमधून बाहेर आलेली बोटं सुजून निळसर दिसायला लागली होती, आणि आदल्या दिवशी त्या दुखण्यानं नुसत्या कण्हत होत्या. चंद्रपूरच्या हाडांच्या डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले, "उद्याच आणा, थांबू नका." दिवाकर बोर्डाच्या पेपर तपासणीच्या बैठकीला अमरावतीला गेले होते. गाडी काढतेय हे मी त्यांना कळवलं नाही. कळवलं असतं तर ते नाही म्हणाले असते. त्या गाडीबद्दल कोणी काही विचारलं की ते "राहू दे" एवढंच म्हणायचे.

आमची मुलगी केतकी गेली त्या दिवसानंतर त्या गाडीत कोणी बसलं नव्हतं. दिवाकरांनीच ती घराच्या बाजूच्या बोळात नेऊन लावली, कव्हर घातलं, चारी कोपऱ्यांना दोऱ्या बांधल्या. लोक म्हणाले, विकून टाका. ते म्हणाले, राहू दे. मुलीची आठवण आहे, जीव होत नसेल, असं सगळ्यांना वाटलं. मलाही तेच वाटलं.

बॅटरीवाले अन्वरभाई सकाळीच आले. त्यांनी नवी बॅटरी बसवली, टायरमध्ये हवा भरली आणि किल्ली फिरवली. इंजिन दोनदा खोकलं आणि चालू झालं. मग त्यांनी एसीचं बटण दाबून पंखा मोठा केला. डॅशबोर्डच्या आत घरघर सुरू झाली, पण त्यांनी जाळीसमोर हात धरला आणि मान हलवली.

"ब्लोअर फिरून राहिला, ताई, पण हवा येत नाही. फिल्टर जाम झाला असेल. उभ्या गाडीत उंदीर घर करतात. नवा टाकून घ्या."

"तुम्ही टाकता का?"

"मला वरोऱ्याला जायचं आहे. पण अवघड काही नाही. हा ग्लोव्ह बॉक्स दोन्हीकडून आत दाबला की खाली येतो. त्याच्यामागं एक झाकण आहे, त्यात ट्रेसारखा फिल्टर असतो. जुना ओढायचा, नवा घालायचा. बाण खालच्या दिशेनं ठेवा, बस. नाहीतर काचा उघडून जा."

शेवटचं वाक्य ते सहज बोलले. ते बाहेरगावचे, त्यांना आमच्या घरातलं काही माहीत नव्हतं.

मी स्कूटर काढली, टिळक चौकाच्या पुढच्या पार्ट्सच्या दुकानात गेले आणि फिल्टर घेऊन आले.

केतकीला दमा होता. चौथीत होती ती. आमच्या वणीत दमा म्हणजे नवल नव्हे; चहूबाजूला खाणी, दिवसरात्र कोळशाचे ट्रक, सकाळी ओसरी झाडली की संध्याकाळी बोटानं नाव लिहिता येईल इतकी काळी धूळ. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की प्रवासात काचा बंद ठेवा, एसी लावा आणि गाडीतला हवेचा फिल्टर वरचेवर बदला. त्यानंतर दिवाकर स्वतः फिल्टर बदलायला शिकले. ते शाळेत गणित शिकवायचे. घरातली प्रत्येक दुरुस्ती ते वहीत आकृती काढून मग करायचे, आणि केलेलं काम पुन्हा कधी उघडावं लागत नसे. त्या मे महिन्यात आम्हाला वरोऱ्याला त्यांच्या चुलतभावाच्या लग्नाला जायचं होतं. आदल्या संध्याकाळी त्यांनी गाडीत नवा फिल्टर बसवला. केतकी शेजारच्या सीटवर बसून त्यांना टॉर्च धरत होती.

दुसऱ्या दिवशी ऊन असं होतं की डांबर चपलेला चिकटत होतं. गाडी गावाबाहेर पडली तरी गार वारा येईना. पंखा चारवर होता, आवाज येत होता, पण हवा नाही. दिवाकर म्हणाले, "गॅस संपला असेल एसीचा. आल्यावर भरून घेऊ." बंद गाडीत, पुढच्या सीटवर माझ्या मांडीवर बसलेल्या केतकीचा चेहरा लालबुंद झाला. तिचे केस कपाळाला चिकटले. "आई, गरम होतंय," ती म्हणाली. मग म्हणाली, "आई, उलटी होईल." मी विचारलं, "काच करू का खाली?" दिवाकर म्हणाले, "कर थोडी."

मी काच खाली केली.

रस्त्याचं रुंदीकरण चाललं होतं. समोर ट्रकांची रांग होती, उलट्या बाजूनंही तेवढीच. एका ट्रकनं आम्हाला ओलांडलं आणि गाडीच्या आत काही दिसेना. मी काच वर केली तेव्हा धूळ आतच कोंडली होती. केतकी खोकायला लागली. मी दम्याचा पंप दिला. पुन्हा दिला. पुढे रेल्वेचं फाटक बंद होतं आणि कोळशाची मालगाडी जात होती, तिचे डबे संपत नव्हते. दिवाकर उतरून फाटकवाल्याकडे धावले. मी केतकीला मांडीवर उभी धरून बसले. तिच्या गळ्याखालची खळी आत ओढली जात होती, बाहेर येत होती, पुन्हा आत ओढली जात होती. मग तेही हळूहळू कमी झालं. मला वाटलं, बरं वाटतंय तिला.

वरोऱ्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "धुळीत गेली होती का?" दिवाकर म्हणाले, "काच उघडी होती." दारात लग्नातले नातेवाईक जमले होते. कोणीतरी विचारलं, "कोणी उघडली?" मी म्हणाले, "मी."

तेवढं पुरलं. दहाव्याला, तेराव्याला, घरी भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सासूबाई सांगायच्या, "डॉक्टरनं बजावलं होतं काचा उघडू नका म्हणून. हिनं उघडली." त्यांचा आवाज चढायचा नाही. पाहुण्याला चहा द्यावा तसं त्या ते देत. पाहुणे माझ्याकडे बघत आणि मग बघत नसत. पुढे गल्लीतही तेच झालं, आणि पोस्टात मी काउंटरवर असायचे तिथेही. एकदा एक बाई मनीऑर्डरची पावती हातात घेऊन शेजारणीला हळूच म्हणाली, "हीच का?" दिवाकर मला कधी एका शब्दानं बोलले नाहीत. "मीच म्हणालो होतो, कर थोडी" हेही ते कधी कोणाला म्हणाले नाहीत. मी वाट पाहिली होती, खोटं कशाला बोलू. पण मग मनात यायचं, ते म्हणाले होते 'थोडी', मी किती केली होती? रोज अंथरुणावर पडलं की मी ती काच मोजायचे. चार बोटं. वीतभर. कधी पूर्ण.

तर मी फिल्टरचा खोका घेऊन आले आणि गाडीचं डावीकडचं दार उघडलं.

"काय आणलं ते?" सासूबाईंनी विचारलं.

"हवेचा फिल्टर. हवा येत नाहीये. बदलते."

"कायले?" त्या खुर्चीत पुढे झाल्या. "राहू दे न ते. त्याचं ते काम आहे, तो करते. तुले जमत नाही."

"पाच मिनिटांचं काम आहे म्हणाले अन्वरभाई."

"नको म्हणलं न. काचा उघडून जाऊ आपण."

मी वाकले होते ती सरळ झाले. ओसरीवर उन्हाची तिरीप आली होती आणि त्यांनी कपाळावर आडवा हात धरला होता. माझ्याकडेच बघत होत्या.

"काचा उघडून?" मी म्हणाले.

त्यांनी हात खाली घेतला, पदर सारखा केला आणि रस्त्याकडे बघायला लागल्या. मला वाटलं, दुखण्यानं भान नाही त्यांना. काय बोलून गेल्या हेही कळलं नसेल.

मी ग्लोव्ह बॉक्स रिकामा केला. त्यात गाडीची कागदपत्रं होती, एक सुकलेला पेन होता आणि केतकीचा केसांचा पट्टा होता. पट्टा मी कमरेला खोचला. बॉक्सच्या दोन्ही बाजू आत दाबल्या तसा तो लटकन खाली आला. मागे काळं लांबट झाकण होतं, दोन्ही टोकांना खिटी असलेलं. मी खिट्या दाबून ते काढलं आणि फिल्टरची कड चिमटीत धरून ओढली.

मला वाटलं होतं, काळं लिंपण निघेल. उंदराचं घर, काड्या, पिसं. पण आला तो पांढरा शुभ्र. एक डाग नाही, एक कण नाही. घड्या कशा नव्या कापडासारख्या. मला क्षणभर बरंच वाटलं. म्हटलं, चांगला आहे की, मग हवा का येत नाही?

मग तो माझ्या हातात सळसळला.

मी तो उन्हात धरला. सगळ्या बाजूंनी पातळ, ताणून बसवलेलं पारदर्शक प्लास्टिक होतं. दुकानातून येतो तसंच, कुठेही न फाडलेलं. इतकं घट्ट की नखानं उचलल्याशिवाय दिसलं नसतं. टॉर्चच्या उजेडात तर नाहीच.

मी गाडीत बसले. दार उघडं होतं, एक पाय बाहेर. फिल्टर मांडीवर होता. एकामागून एक सगळं जुळत गेलं: घरघर, गॅस संपला असेल, गरम होतंय, करू का, कर थोडी. त्या दिवशी काच उघडायची वेळच आली नसती. मी ती काच किती खाली केली होती हे मोजत मी इतके दिवस काढले होते, आणि ती उघडण्याचं कारण इथे, केतकीच्या गुडघ्यांसमोर, एका झाकणामागे होतं.

"निघाली का घाण?" सासूबाईंनी ओसरीवरून विचारलं.

"निघाली," मी म्हणाले.

नवा फिल्टर मी खोक्यातून काढला. त्यालाही तसंच प्लास्टिक होतं. ते फाडलं, सगळीकडून हात फिरवून पाहिला, पुन्हा पाहिला. बाजूला बाण छापलेला होता. बाण खाली करून तो खाचेत सरकवला. कड दुमडत होती, म्हणून बाहेर काढून पुन्हा सरळ घातला. झाकण लावलं, दोन्ही खिट्यांचा टक् आवाज आला. ग्लोव्ह बॉक्स वर ढकलून बसवला. मग किल्ली फिरवली आणि पंखा चारवर केला.

हवा आली. आधी कोंदट आली, मग गार. माझा पदर उडाला. मी जाळीसमोर तोंड धरून बसून राहिले. केतकी तिथेच बसली असती तर तिचे केस मागे गेले असते.

शेजारच्या दोघी बायकांनी मिळून सासूबाईंना मागच्या सीटवर बसवलं, पाय आडवा ठेवला. जुना फिल्टर मी पुढच्या सीटवर ठेवला होता. त्यांनी तो पाहिला. पाहिला हे मला आरशात दिसलं. चंद्रपूर येईपर्यंत त्यांनी तोंड उघडलं नाही, आणि मीही नाही. मी मनात वाक्यं जुळवत होते. आई, तुम्हाला एक सांगायचंय. आई, हे बघा. प्रत्येक वाक्याच्या शेवटी त्यांचा मुलगा उभा होता. त्यांच्या एकुलत्या एका मुलानं आपल्या हातानं हे केलं, हे या वयात त्यांना कसं सांगायचं? ज्यांनी मला इतके दिवस उभं जाळलं, त्यांची मला त्या वेळी दया येत होती. मला वाटत होतं, त्यांना काहीच माहीत नाही.

डॉक्टरांनी प्लास्टर कापलं. आत घट्ट बसून टाचेला जखम झाली होती. आणखी थोडे दिवस गेले असते तर पायच गेला असता, ते म्हणाले. नवी पट्टी बांधून, औषधं देऊन त्यांनी आम्हाला सोडलं.

दिवाकर दिवेलागणीला आले. फाटक वाजलं, आणि मग बराच वेळ पावलं ऐकू आली नाहीत. बोळात कव्हर काढलेली गाडी दिसली असणार. ते आत आले, चपला काढल्या, बॅग खाली ठेवली. मी पुढच्या खोलीत बसले होते. फिल्टर माझ्यासमोर टीपॉयवर होता.

ते काय आहे असं त्यांनी विचारलं नाही.

दिवसभर मी ठरवत होते की त्यांना कसं सांगायचं. हळूहळू सांगावं, की नुसतं हातात द्यावं, की सांगूच नये आणि जाळून टाकावं. जाळून टाकायच्या जवळ आले होते मी. पण त्यांनी विचारलं नाही. ते समोर बसले आणि म्हणाले, "आईचा पाय?"

"जखम झालीय. वाचला पाय."

"तू का उघडलंस ते?"

"हवा येत नव्हती."

त्यांनी मान हलवली. एखाद्या मुलानं फळ्यावर बरोबर उत्तर काढावं तशी.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले.

"हो."

"कधीपासून?"

"अस्थी घेऊन जायचं होतं ना. त्या सकाळी. गाडी बघावी म्हटलं, एसी का चालत नाही. उघडलं आणि..." ते थांबले. "परत आत घातला."

अस्थी विसर्जनाला आम्ही भाड्याच्या जीपनं गेलो होतो. गाडीत बसायची हिंमत होत नाही, असं ते तेव्हा म्हणाले होते.

"परत का घातला?"

"काय करायचं होतं? टाकून देता येईना. प्लास्टिक काढताही येईना." मग ते अगदी हळू म्हणाले, "तुला सांगायचं म्हणून तीनदा आलो मी तुझ्याजवळ."

"मग?"

"तू पाहुण्यांना पाणी देत होतीस."

आतल्या खोलीतून वॉकरचा आवाज आला. डॉक्टरांनी जमिनीवर पाय टेकायचा नाही म्हणून बजावलं होतं, तरी सासूबाई उठल्या होत्या. दारात येऊन त्यांनी चौकट धरली.

"त्याले काही नको बोलू," त्या म्हणाल्या. "मले बोल. म्या सांगितलं त्याले."

मी त्यांच्याकडे बघितलं.

"हे हातात घेऊन आला होता माह्यापाशी, सकाळी सकाळी. म्हणे, आई, मी मारलं तिले. अन गेला. मी मागं गेली, तर वावरातल्या विहिरीच्या काठावर बसला होता, पाय आत सोडून. हात धरून आणला म्या त्याले. चार दिवस बाजूले झोपली. म्हणलं, ठेव ते जिथलं तिथं, गाडी झाकून टाक, अन कोणाजवळ बोलू नको."

"माझ्याजवळही नको."

"एक गेली होती, बाई. दुसरं नव्हतं जाऊ द्यायचं मले."

बाहेर कोणाची तरी सायकल गेली. दिवाकर फिल्टरकडे बघत होते.

"ठीक आहे," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटत होता. "नव्हतं सांगायचं तर नव्हतं सांगायचं. पण मग गप्प राहायचं होतं तुम्ही. घरोघर माझं नाव कशाला सांगितलं? माहीत असून?"

सासूबाईंनी उत्तर द्यायला वेळ लावला नाही. ते त्यांच्याजवळ तयार होतं, कदाचित त्या दिवसापासूनच.

"लोकं इचारत होते. कसं झालं, काय झालं, एसी होता का, गाडी कशी होती. त्याच्या तोंडाकडे पाहून पाहून इचारत होते. एकदा उत्तर भेटलं का लोकं इचारत नाही."

"आणि ते उत्तर मी."

"तू जेवत होती. पोस्टात जात होती. तू उभी होती, ललिता." त्यांनी पहिल्यांदा माझं नाव घेतलं. "तो उभा नव्हता."

मी दिवाकरांकडे वळले. अजूनही त्यांनी काही म्हणावं असं वाटत होतं. आईला गप्प करावं, किंवा माझी माफी मागावी, किंवा नुसतं खोटं बोलावं की हे सगळं मला पटत नव्हतं.

"तुला ते जमत होतं," ते म्हणाले. "मला जमलं नसतं."

त्यात क्रूरपणा नव्हता. हेच मला पुढे कितीतरी वर्षं कोणाला समजावून सांगता आलं नाही. ते खरंच बोलत होते, गणित सोडवल्यासारखं. त्यांनी फिल्टर उचलून मांडीवर घेतला आणि कोपऱ्यातून नखानं प्लास्टिक सोडवायला लागले. ते निघेना. मग एकदम सुटलं, आणि सर्रकन लांब पट्टी फाटत गेली. ते दुसरी पट्टी काढायला लागले. सगळं निघाल्यावर त्यांनी तो फिल्टर दोन्ही हातांनी तोंडावर धरला, जणू त्यातून श्वास घ्यायचाय, आणि त्यांचे खांदे हलायला लागले.

सासूबाई वॉकर पुढे टाकत, दुखऱ्या पायावर भार देत त्यांच्याजवळ गेल्या. माझ्या खुर्चीजवळून जाताना त्यांचा पदर माझ्या हाताला लागला. त्या थांबल्या नाहीत.

मी उठून स्वयंपाकघरात गेले. कुकरमध्ये भात लावला होता तो बंद केला. त्या घरात माझी म्हणावी अशी कोणती वस्तू आहे याचा विचार करत ओट्याला टेकून उभी राहिले. केतकीचा पट्टा कमरेला होता. तेवढाच घेतला आणि गावातच राहणाऱ्या माझ्या एका सहकारी बाईकडे चालत गेले.

बदलीचा अर्ज मी दुसऱ्या दिवशीच केला. पुसद मिळालं. दिवाकर एकदा पोस्टात आले, रांगेत उभे राहिले, खिडकीसमोर आल्यावर म्हणाले, "मी सांगतो सगळ्यांना. तू ये." मी म्हणाले, "आधी सांगा." ते गेले. त्यांनी सांगितलं असतं तर मी परत गेले असते का, मला माहीत नाही. त्यांनी सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. सुरुवातीला मला त्या विहिरीची भीती वाटायची, आणि ती भीती सासूबाईंनी मला अगदी विचारपूर्वक दिली होती. पुढे वर्षं गेली. सासूबाई वारल्या तेव्हा मी गेले, पायावर डोकं ठेवलं, दुपारच्या बसनं परतले. घटस्फोट आम्ही घेतला नाही. केतकीच्या तिथीला दिवाकरांचा फोन येतो. आम्ही दोघं काही वेळ फोन धरून असतो.

पुसदला गेले तो दिवस मात्र मला नीट आठवतो. वरच्या मजल्यावर एक खोली भाड्यानं मिळाली होती. मालकीण जिजाबाई राठोड खाली अंगणात मिरच्या वाळत घालत होत्या. मी ट्रंक आणि वळकटी घेऊन रिक्षातून उतरले, तशा त्या हात झटकत जवळ आल्या.

"एकट्याच?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मुलंबाळं?"

वणीत हा प्रश्न मला कोणी विचारत नव्हतं, सगळ्यांना माहीत असायचं. बाहेरगावी कोणी विचारला तर माझ्याआधी दुसरंच कोणी उत्तर द्यायचं.

"एक मुलगी होती," मी म्हणाले. "नऊ वर्षांची असताना गेली."

जिजाबाईंनी ओठ दाबले. मग विचारलं, "काय झालं होतं?"

"दमा होता तिला."

पुढे आणखी काही बोलायचं आहे का, म्हणून मी क्षणभर थांबले. नव्हतं.

"माझ्या धाकट्या भावाला होता," जिजाबाई म्हणाल्या. त्यांनी माझ्या हातातली वळकटी घेतली, काखेत मारली आणि माझ्या पुढे जिना चढायला लागल्या.